पैलवानांच्या पोटाची पंचायत

पैलवानांच्या पोटाचं काय करायचं ह्यावर आमच्या ओसरीवर बैठक बसली, तेव्हा पोटाचे मालक हजर होते, पण बोलत नव्हते. बोलत होते गोरख आणि सोमनाथ. एकाची दूध डेअरी, दुसऱ्याचा मोठा मोबाईल. तेवढ्या शिक्षणावर दोघं शस्त्रक्रियेतले जाणकार झाले होते.

पैलवान म्हणजे माझा नवरा, सोनबा. भाटघरच्या पाण्याकाठी आमचं गाव. कुस्ती सोडून ह्यांना वीस वर्षं होऊन गेली, खुराक मात्र सुटला नाही. सकाळी तालमीत जायचं, खुर्चीवर बसायचं, पोरांवर “कंबर खाली घे” म्हणून ओरडायचं आणि थंडाई प्यायची. जोर पोरांनी मारायचे, बदाम ह्यांनी खायचे. गावच्या दवाखान्यातला काटा ह्यांच्या पायाखाली शेवटच्या आकड्याला जाऊन अडकला, म्हणून भोरला भातगिरणीत पोत्यांच्या काट्यावर वजन केलं. एकशे अडतीस. गिरणीवाल्यानं मला विचारलं, “वैनी, बारदान वजा करायचं का?”

गावाला ह्या अंगाचं कोण कौतुक. भैरवनाथाच्या यात्रेत कुस्त्या लागल्या की पैलवान फेटा बांधून आखाड्यात उतरणार, हलगीच्या मागं एक फेरी मारणार आणि लोक म्हणणार, आंग बघा आंग. त्या अंगाची खालची बाजू मी रोज बघत होते. साखरेनं डाव्या पायाची करंगळी आधीच नेली होती. आता अंगठ्याखालची जखम भरत नव्हती. सकाळी पट्टी सोडली की वास यायचा. तो वास हलगीमागं फिरणाऱ्या एकाच्याही नाकात कधी गेला नाही.

म्हणून पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मी म्हणाले, आपण दोघं एसटीनं जाऊ. पण पैलवान एकटे कुठं जात नाहीत. गोरख आला, त्याच्या मागं सोमनाथ आला, आणि सोमनाथची गाडी होती म्हणून मी मागच्या सीटवर दाराला चिकटून गेले.

डॉक्टरीणबाई अंगानं लहान, बोलायला स्पष्ट. त्यांनी सगळं नीट सांगितलं. “तीन रस्ते आहेत. एक, पोटात फुगा ठेवायचा. कापाकापी नाही, तोंडावाटे दुर्बिणीनं आत सोडतात आणि सहा महिन्यांनी काढतात. पण तो काढला की वजन परत येतं आणि तुमच्या साखरेला तो पुरणार नाही. दोन, स्लीव्ह. पोटाची पिशवी बरीचशी कापून टाकायची आणि केळ्यासारखी बारीक नळी ठेवायची. तीन, बायपास. पोटाचा अंड्याएवढा कप्पा वेगळा करायचा आणि खालचं आतडं वर आणून त्याला जोडायचं. तुम्हाला मी बायपास सांगेन, काका. साखर त्यानं जास्त उतरते. शिवाय तुमची अन्ननलिका खालच्या बाजूला आम्लानं भाजलीय. स्लीव्ह केली तर ती जळजळ वाढायची शक्यता जास्त.”

मी विचारलं, “आन् पाय?”

“साखर उतरली तर पाय वाचायची आशा आहे. नाही उतरली तर घोट्यापासून काढावा लागेल. आणि एकदा पाय गेला की पुढचं सगळंच लवकर होतं. अजून वेळ आहे, फार नाही.”

इतकं ऐकल्यावर माणसानं काय विचारावं? गोरखनं विचारलं, “मटण चालंल ना?”

सोमनाथनं विचारलं, “बाहेरनं दिसतं का काय? टाकं वगैरे?”

आणि पैलवानांनी, ज्यांचा पाय, त्यांनी विचारलं, “आंग किती उतरंल?”

“सगळं नीट पाळलंत तर पन्नासेक किलो.”

पैलवानांचं तोंड असं झालं की जणू बाईंनी घरातला एक माणूस मागितला.

“आन् दूध?” गोरख अजून तिथंच होता. तो काय करणार, आमच्या घरचा रतीब त्याच्याच डेअरीचा.

“साय काढलेलं, बिनसाखरेचं, घोट घोट. बायपासनंतर गोड आणि तुपकट प्यायलात तर बऱ्याच जणांना घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या.”

झालं. बायपास त्या खोलीतच मेला. गाडीत बसल्यावर नुसता खांदा द्यायचा उरला होता.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बैठक बसली. मी चहा आणून ठेवला आणि खांबाला टेकून उभी राहिले. मला कुणी बस म्हणालं नाही आणि जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सोमनाथ म्हणाला, “माझं मत फुगा. आता टाकायचा, यात्रेच्या आदी काढायचा. यात्रेत पैलवान पयल्यासारखं दिसलं पायजेत.”

“मग टाकायचा कशाला?” मी म्हणाले.

“वैनी, तुमाला त्यातलं टेक्निक न्हाई कळायचं.”

“बाई फुग्याला न्हाई म्हणल्या. तुमी तितंच बसला हुता. का मोबाईल बघत हुता?”

पैलवानांनी हात वर केला. आमच्यात वाद झाला की ते कुस्तीच्या पंचासारखा हात वर करतात आणि मग काहीच बोलत नाहीत.

गोरख पुढं सरकला. “फुगा ऱ्हाऊ द्या. पण ती बायपास नगो. शिवऱ्याला माझ्या मेव्हण्याचं हाटेल हाय ना हायवेला? पूल झाला, गाड्या वरनं जायला लागल्या, आता तितं कुत्रं थांबत न्हाई. वळसा घातला की मूळ जागा मरती. चांगलं जित्तं पोट हाय आन् त्याला बाजूला टाकायचं?”

ह्या माणसाला आतडं आणि हायवे ह्यातला फरक कळत नव्हता आणि माझा नवरा त्याच्याकडं बघून मान हलवत होता.

“शिवाय,” गोरख म्हणाला, “थंडाई प्याली की जुलाब. पैलवानाला थंडाई बंद म्हंजे मग ऱ्हायलं काय?”

“स्लीव्हचं एक बरं हाय,” सोमनाथ मोबाईल पुढं धरून म्हणाला. “हितं एक जण सांगतोय. स्लीव्हमधी घट्ट खाणं कमी हुतं, पण पातळ पदार्थ सरळ खाली जातात. दूध, सरबत, आइस्क्रीम. त्यामुळं काही लोकांचं वजन परत वाढतं, तो म्हणतोय.”

त्या माणसानं हे सावध करायला सांगितलं होतं. आमच्या ओसरीनं ते वरदान म्हणून घेतलं.

“बघा,” गोरखनं मांडीवर थाप मारली. “म्हंजे भाकरी कमी आन् दूध चालू. ही खरी पैलवानी सर्जरी.”

मी म्हणाले, “बाई म्हणल्या, अन्नाची नळी जळलीय, स्लीव्हनं आजून जळंल. साखर बायपासनं जास्त उतरती म्हणल्या. आवो, पायाचं बोला कुणीतरी. पाय कुणाचा जाणार हाय? गोरखभाऊ, तुमचा जाणार हाय का?”

“वैनी लई भेतात,” गोरख हसला. “वेल्ह्याच्या ना? डोंगरातली माणसं. तिकडं जाड माणूस बघितल्यालाच नसतो.”

बरोबर आहे. माझ्या माहेरी घराकडं जायला चढ आहे, आणि चढ कुणाचं कौतुक करत नाही.

पैलवान शेवटी बोलले. “स्लीव्ह.” जसा काही त्यांनी विचार केला होता.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर पुन्हा समजावलं. हे ऐकेनात तेव्हा म्हणाल्या, “काहीच न करण्यापेक्षा स्लीव्ह बरी. पण मी सांगितलं नव्हतं असं नंतर म्हणू नका.” आणि मग त्यांनी पंधरा दिवसांचा आहार सांगितला. शस्त्रक्रियेआधी चावायचं काही नाही. ताक, डाळीचं वरचं पाणी, त्यांनी दिलेली पावडर. पोटावर लिव्हर पसरलेलं असतं, त्यातली चरबी उतरली तरच ते उचलून खालचं पोट दिसतं. हे त्यांनी मला सांगितलं, ह्यांना सांगितलं आणि फोन स्पीकरवर होता म्हणून गोरखलाही सांगितलं.

पंधरा दिवस मी डाळ शिजवली, पाणी गाळलं, वाटीत ओतलं. पैलवान समोर बसायचे आणि कुणी विष पाजतंय अशा तोंडानं प्यायचे. मला दया आली. एकदा मी म्हणालेही, “लई हाल चाललेत ओ तुमचं.” ते म्हणाले, “शरीराला सवय असती त्रासाची.” आणि रोज पिऊन झालं की उठून तालमीत जायचे. तालमीत बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, हा जुना नियम. मारुतीला चालत नाही म्हणे. मारुतीच्या नावावर ह्या लोकांनी काय काय लपवलंय ते त्या मारुतीलाच ठाऊक.

भाकरी-मटण बंद झाल्यामुळं किलोभर वजन उतरलं. पुण्याला दाखल करताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कमी उतरलंय, पण दिशा बरोबर आहे.”

आत नेलं. बाहेर बाकावर मी, गोरख आणि सोमनाथ. गोरख येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की आमचे पैलवान आत आहेत. तासाभरात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, डोक्यावरची टोपी काढत. इतक्या लवकर आल्या म्हणून मी बाकावरून उठले.

“ते ठीक आहेत,” त्या आधी म्हणाल्या. मग मला विचारलं, “पंधरा दिवस काय दिलंत त्यांना?”

“ताक, डाळीचं पाणी, तुमची पावडर. दुसरं काय बी न्हाई.”

“दुर्बीण घातली तर लिव्हर एवढं मोठं आणि चरबीनं भरलेलं की उचलताच येईना. जरा ताण दिला तर फाटून रक्तस्राव झाला असता. मी काही न कापता भोकं शिवून टाकली. खरं सांगा, आणखी काय पोटात जात होतं?”

मी काही बोलायच्या आत सोमनाथ म्हणाला, “थंडाई. पण म्याडम, ती पातळच असती.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं बघितलं.

“तालमीत. सकाळ-संध्याकाळ,” सोमनाथ अजून मदत करत होता. “बदाम, खसखस, साय, साखर. समदं वाटून. चावायला कायच न्हाई त्यात. तूपबी पाघळवूनच टाकत हुतो.”

“अशक्तपणा येऊ ने म्हणून,” गोरख म्हणाला. “एवढ्या मोठ्या आपरेशनला अंगात ताकद नगो का?”

बाईंनी टोपी खिशात कोंबली. मग मला म्हणाल्या, “ताई, पुढच्या वेळी ह्या दोघांना आणू नका.” आणि आत निघून गेल्या. इतक्या शिकलेल्या बाईला ह्याच्यापुढं बोलायला शब्द मिळाला नाही. मला मिळाले. ते मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोघांना ऐकवले, आणि त्यातला एकही इथं सांगण्यासारखा नाही.

शुद्धीवर आल्यावर पैलवानांनी मला विचारलं, “झालं का?”

“झालं,” मी म्हणाले. “पोटाला भोकं झाली. काम काय बी न्हाई झालं.”

ते भिंतीकडं तोंड करून पडले.

इथपर्यंत नुसता मूर्खपणा होता. बेशरमपणा पुढं आहे. आम्ही घरी आलो त्याच्या आठवड्यानंतर तालमीसमोर फ्लेक्स लागला. “पैलवान सोनबा यांच्यावर यशस्वी शस्त्रक्रिया झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.” फोटो वीस वर्षांपूर्वीचा, लंगोटातला. खाली शुभेच्छुक म्हणून गोरख आणि त्याची डेअरी. मी विचारलं तर गोरख म्हणाला, “वैनी, आदीच समद्या गावाला सांगून बसलोय. आता न्हाई झालं म्हणायचं म्हंजे पैलवानांचीच इज्जत जाती.” आणि पैलवान म्हणाले, “जाऊ दे. लोकांना कशाला सांगायचं?”

तालमीच्या पटांगणात सत्कार झाला. पटांगणात मला जायला मारुतीची हरकत नव्हती. नारळ, शाल, फेटा, सगळं झालं. आणि मग लोक एकेक करून पुढं येऊन बोलायला लागले.

“लई उतरलात, पैलवान.”

“चेहरा कसा निम्मा झालाय.”

“कंबर बघा की, पैरणीत दोन माणसं मावतील.”

मी नवऱ्याकडं बघितलं. तोच माणूस, तेच पोट, तीच पैरण. घरी आल्यापासून अशक्तपणा भरून काढायला म्हणून तालमीतनं किटली घरी यायला लागली होती आणि मी ती दोनदा गटारीत ओतली होती. पाठीमागं किती रिचवल्या ते देव जाणे. उतरायचं सोडा, पैरणीचं खालचं बटण लागत नव्हतं.

गोरखनं भाषण केलं. विज्ञान आणि खुराक ह्यांचा संगम म्हणाला. तेव्हा मी मागून बोलले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “काय बी कापल्यालं न्हाई. ह्या दोघांनी चोरून थंडाई पाजली म्हणून डॉक्टरनी हात न लावता परत पाठवलंय. हा माणूस हाय तेवढाच हाय.”

मग लोक हसले. सोमनाथ म्हणाला, “वैनी गंमत करत्यात.” आणि पुढच्या ओळीतला एक म्हातारा मला समजावायला लागला, “अगं पोरी, डोळ्याला दिसतंय की. केवढा वाळलाय बिचारा.”

मी खरं सांगितलं आणि गावानं ते डोळ्यांनी खोटं ठरवलं. पैलवान फेटा सावरत बसून होते. मी उठून घरी आले आणि कपडे पिशवीत भरले. सकाळी पट्टी केली की वेल्ह्याला जायचं, असं ठरवलं. पाय कुजवायचाच असेल तर गोरखनं बसावं वास घेत.

सकाळी पट्टी सोडली. जखम आणखी रुंद झाली होती. पैलवान पिशवीकडं बघत होते.

“कुठं निघालीस?”

“माहेरी.”

मग म्हणाले, “काल किती जण म्हणाले उतरलो म्हणून?”

“समदे.”

“उतरलोय का?”

“गिरणीत चला. काटा बघा.”

मला वाटलं हात वर करतील. पण चपला घालायला लागले. डाव्या पायात चप्पल जात नव्हती, ती मी सरकवून दिली. टमटमनं भोरला गेलो. गिरणीवाल्यानं पोती बाजूला केली. काटा एकशे चाळीसवर थांबला. गिरणीवाला म्हणाला, “पैलवान, आपरेशन झालं ना? बारीक दिसताय.”

काटा त्याच्या समोर. आकडा त्यानंच वाचला होता.

पैलवान काट्यावरून उतरले नाहीत. तिथंच उभे राहून माझ्याकडं वळले. “ह्याला आकडा दिसतोय तरीबी म्हणतोय.”

“व्हय.”

“म्हंजे जाड हाय का बारीक हाय, ह्यांना दिसतच न्हाई.”

“कवाच दिसलं न्हाई. फेटा दिसतो.”

“आन् म्या ह्यांच्यासाठी...” त्यांनी डाव्या पायाकडं बघितलं. ह्या माणसाला इतकी वर्षं वाटत होतं की गाव त्याच्याकडं बघतंय. त्या नजरेसाठी त्यानं बोट घालवलं, पाय घालवायला निघाला. आणि नजर नव्हतीच. चूक कळायला त्याला पोत्याच्या काट्यावर चढावं लागलं. तरी कळली, हे काही कमी नाही. गोरखला काट्याखाली घातलं तरी कळणार नाही.

गिरणीच्या दारातच ते म्हणाले, “बाईंना फोन लाव.”

मी लावला आणि त्यांच्या हातात दिला. माझी पिशवी घरी भरलेलीच होती आणि मी ती अजून रिकामी करायचं ठरवलं नव्हतं.

“डॉक्टर, सोनबा बोलतोय. ती तिसरी करायची. बायपास.” पलीकडून बाई बरंच काही बोलल्या. पंधरा दिवस पुन्हा तेच, ह्या वेळी सोनोग्राफीत लिव्हर लहान दिसल्याशिवाय टेबलावर घेणार नाही, गोळ्या जन्मभर, हे सगळं मला ऐकू येत होतं. पैलवान हं, हं करत होते. मग बाईंनी हळू आवाजात काहीतरी विचारलं आणि ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

“काय म्हणल्या?” मी विचारलं.

“म्हणतात, ह्या वेळी खरं पाळताय हे मला कोण सांगणार?”

“मग सांगा की. घरात एकच खरं बोलणारं हाय.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी बाईंना सांगितलं की पंधरा दिवस हा माणूस तालमीची पायरी चढणार नाही, आणि चढला तर मी आत जाऊन ओढून आणीन, मारुतीनं काय करायचं ते करावं. पैलवान ऐकत होते. त्यांनी हात वर केला नाही.